उजव्या अंगठ्याची क्रेन

शिवणताईच्या हातून आजवर एकही कपडा बिघडला नाही, असं गल्लीत सगळे म्हणायचे. ती स्वतः म्हणत नसे, पण कुणी म्हटलं तर नाकारतही नसे. दवाखान्यातल्या नर्सचे कोट, शाळांचे गणवेश, ड्रायव्हरचे खाकी शर्ट, सगळं तिच्या पुढच्या खोलीतल्या मशीनखालून जायचं. मागच्या खोलीत तिचा मोठा भाऊ पलंगावर पडून असायचा. मधलं दार ती कधी लावत नसे, कारण त्याला हाक मारता येत होती, उठून येता येत नव्हतं.

दादा मालाच्या यार्डात क्रेन चालवायचा. एके दिवशी शिडी उतरताना पाय घसरला आणि तो मानेवर पडला. जीव वाचला, पण मानेखालचं सगळं गेलं. राहिला तो उजव्या हाताचा अंगठा, आणि तोंडाचा पट्टा. तो तर पूर्वीपेक्षा जास्तच चालायला लागला. चहा गार आहे, पंखा जोरात आहे, उशी चुकीच्या बाजूला आहे. ताई म्हणायची, "दादा, देवाने एवढं नेलं, जिभेला कसं विसरला रे?" दादा हसायचा. निदान पहिल्या वर्षी तरी हसायचा. मग हळूहळू त्याने तक्रार करणंही सोडलं, आणि तेव्हा मात्र ताई घाबरली.

त्याच सुमारास यार्डातला वायरमन आपला जुना कॉम्प्युटर घेऊन आला. बोलायला तुसडा, पण हात सोन्याचे, असा हा माणूस. कॉम्प्युटरमध्ये क्रेन चालवायचा एक गेम होता. वायरमन म्हणाला, "हा दोन्ही हात शाबूत असलेल्यांसाठी केलाय. आपण दादाच्या मापाचा करू." माप म्हटल्यावर ताईला पटलं.

कित्येक महिने तो कामावरून सुटला की येऊन गेमची उस्तवार करत बसायचा. कंपनीच्या फाइलींच्या जोडीला त्याने स्वतः बनवलेल्या फाइली घातल्या. त्यांना मॉड म्हणतात, हे ताईला तेव्हाच कळलं. सगळी क्रेन एका बटणावर आली. बटण दादाच्या अंगठ्याखाली पट्टीने बांधलं. थोडं दाबलं की क्रेनचा हात फिरायचा, दाबून धरलं की माल उचलायचा. वर त्याने त्यांचं स्वतःचं यार्डही त्यात घातलं, तो कललेला पत्रा आणि गंजका पिवळा रंग यांसकट. दादाने पहिलं खोकं उचलून खाली ठेवलं तेव्हा वायरमन तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहिला. दादा ओरडला, "अरे, पत्रा उलट्या बाजूला कललाय, गाढवा!" ताईला वाटलं, भाऊ परत आला.

नंतर वर्षानुवर्षं दादा रोज कामावर जात असे. हो, तो असंच म्हणायचा. सकाळी अंग पुसून झालं की, "छोटे, लाव, उशीर होतोय." छोटे म्हणजे ताई, जिचे केस पिकायला लागले होते.

एकच कटकट होती. अधूनमधून कंपनी गेमला पॅच, म्हणजे सुधारलेल्या नव्या फाइलींचा गठ्ठा, पाठवायची, आणि तो घातल्याशिवाय गेम उघडत नसे. पॅच घातला की कंपनीच्या फाइली नव्याने बसायच्या आणि मॉड पुसलं जायचं. म्हणून वायरमन येऊन आधी मॉडची नक्कल बाजूला काढायचा, पॅच घालायचा, मग एकेक फाइल परत ठेवून दर वेळी गेम उघडून बघायचा. ताई शेजारी बसून काज करत हे सगळं पाहायची. तो सांगायचा, "नीट बघून ठेवा. मी काही अमरपट्टा घेऊन आलेलो नाही." मग छातीच्या दुखण्याने तो गेला. पुढचा पॅच आला तेव्हा खुर्चीत बसायला ताईच होती.

तिने सगळं आठवून केलं. मॉडची नक्कल काढली. फक्त ती कुठे ठेवायची, हे तिने आपल्या बुद्धीने ठरवलं. तिच्या शिवणाची एक रीत होती: कपड्याचं उरलेलं कापड आणि जादा बटण ती त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीत टाचून ठेवायची. दुसरीकडे ठेवलं की हरवतं आणि गरजेला मिळत नाही, हा तिचा अनुभव. म्हणून तिने नक्कल गेमच्याच फोल्डरमध्ये ठेवली.

पॅच बसला. मागून दादा विचारत होता, "झालं का? दोन दिवस खाडे झाले माझे." एकेक फाइल ठेवत बसायचा तिला धीर निघेना. तिने सगळ्या एकदम टाकल्या. गेम उघडला नाही. पडद्यावर चौकट आली: फाइलींमध्ये बिघाड आहे, दुरुस्त करू का?

जन्मभर दुरुस्तीच करत आलेल्या बाईने 'हो' दाबलं.

गेमने कंपनीच्या फाइली जागेवर बसवल्या आणि आपल्या घरातलं जे जे परकं होतं ते झाडून बाहेर काढलं. मॉड गेलं. आत ठेवलेली नक्कलही गेली. गेम उघडला, छान चकचकीत, दोन हातांच्या माणसांसाठी. दादा बटण दाबत राहिला. क्रेन जागची हलली नाही.

"तार सुटली असेल," दादा म्हणाला.

"असेल," ताई म्हणाली. तार जागेवरच होती, हे तिला दिसत होतं.

ती वायरमनच्या घरी गेली. त्याची बायको म्हणाली, "त्यांचं सामान कधीच देऊन टाकलं गं. बघितलं की रडू यायचं." कॉम्प्युटरच्या दुकानदाराने कॉम्प्युटर ठेवून घेतला, खणून खणून पाहिलं. फाइलींचे तुकडे मिळाले, उघडेनात. "ज्याने केलं त्यालाच विचारा," तो म्हणाला. ताई कॉम्प्युटर घेऊन घरी आली.

खोटं बोलायचं तिने ठरवलं होतं. पण दादाने तिचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "गेलं ना सगळं?" तिने सगळं सांगितलं, नक्कल कुठे ठेवली तेसुद्धा.

"राग नाही असं म्हणणार नाही," तो म्हणाला. "खूप आहे. पण रागावून जाऊ कुठे मी? तूच पाणी पाजणार, तूच कूस बदलणार."

"बोल ना मला. शिव्या दे."

"नको. तोंड दुखतं."

एकदा तिने सुचवलं, तू सांग, मी चालवते. दादा तयार झाला. "डावीकडे, सावकाश, अगं डावीकडे!" शिवणाचे हात, त्यांना सुईचं वजन माहीत. खोकं हिंदकळलं आणि जमिनीवर आदळलं. दादाने डोळे मिटले. "बंद कर, छोटे. आणि ते कॉम्प्युटरचं टेबल पुढच्या खोलीत ने, तुला कापड बेतायला होईल."

तिने नेलं. आता त्यावर ती गणवेश बेतते.

व्यायाम करून घेणाऱ्या बाई दर आठवड्याला येतात. पावसाळा संपता संपता त्यांनी दादाचा अंगठा हातात घेऊन पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "आखडत चाललाय. हलवत नाही का हो?"

"कशासाठी?" दादाने विचारलं. तिरकसपणे नाही, खरंच विचारलं.

बाईंनी ताईकडे पाहिलं. ताईच्या गळ्यात मापाची फीत तशीच होती. "माझ्यासाठी हलव," ती म्हणाली.

दादाने अंगठा हलवला. एकदाच, जेमतेम, पोरगी हट्टाला पेटली की मोठ्या भावाने ऐकावं तसं. मग तिच्याकडे बघून म्हणाला, "झालं?"

तो पूर्वीसारखा खेकसून नाही म्हणाला असता तर बरं झालं असतं, असं ताईला वाटलं. ती "हो" म्हणाली आणि पुढच्या खोलीत जाऊन मशीनवर बसली.