मामांच्या घड्याळाच्या कड्या

माझे मामा किती वाळले, ते मी त्यांच्या घड्याळाच्या चेनवर बघितलंय.

आज त्यांना जाऊन वर्ष झालं.

उमरग्यात हायवेला मामांचं ट्रकच्या टायरचं दुकान. सकाळपासून हात काळे. आणि त्या काळ्या हातात स्विस स्पोर्ट्स वॉच. स्टीलचं, ऑटोमॅटिक, ब्लॅक डायल. ज्याचे रिव्ह्यू मी शाळेत असल्यापासून बघत आलोय, ते.

हैदराबादला घ्यायला गेलो तेव्हा मी सोबत होतो. खरं तर मीच डोकं खाऊन त्यांना नेलं होतं.

शोरूमवाल्यानं पांढरे हातमोजे घातलेले. म्हणाला, "सर, तीन सौ मीटर पानी में भी चलेगा."

मामा माझ्याकडं वळले. "तीनशे मीटर पाणी उमरग्यात कुठंय रे? बोअरमधी सोडून बघावं लागंल."

मग त्यानं चेन कमी करायला बारका स्क्रू-ड्रायव्हर काढला. आणि परत ठेवला.
मामांच्या मनगटाला अख्खी चेन लागली. एकही कडी काढावी लागली नाही.
त्याचा मामांना लई अभिमान. टायर बदलायला आलेल्या ड्रायव्हरलासुद्धा हात पुढं करून सांगायचे, "फुल्ल चेन हाय."

काचेवरचं प्लास्टिक त्यांनी तिथंच ओढून काढलं.
मी ओरडलो, "मामा, राहू द्या ना! स्क्रॅच पडतील."
"तुमच्या घरी सोफ्याचं प्लास्टिक अजून निघालं न्हाय. बसलं की पँट चिकटती. ह्याला तरी मोकळं राहू दे."

पहिल्याच आठवड्यात रिमला घासून मोठा स्क्रॅच. मला रडायला आलं.
मी म्हणालो, "असं घड्याळ लोक लग्नाकार्यात घालतात, मामा."
"मग लोकांनी घालावं. मला रोज टाईम बघायला लागतोय."

आणि खरंच रोज. आंघोळीला, शेतावर, जॅक मारताना.
मी व्हिडिओ बघून बघून घड्याळं शिकलो. पण घड्याळ वापरतात कसं, ते मामांनी दाखवलं.

मग आजार निघाला.

सोलापूरच्या वाऱ्या सुरू झाल्या. दुकान गौरी बघायला लागली. गौरी म्हणजे मामांची एकुलती एक पोरगी. सकाळी शटर उघडायची ते दिवस मावळल्यावरच घरी.

एक दिवस मामांचा फोन. "ती तुझी घड्याळाची किट घिऊन ये. मनगटावर घड्याळ उलटं फिरायलंय."

त्या घड्याळाला हात लावायला मी किती वर्षं तरसलो होतो. आणि पहिल्यांदा हात लागला तो कडी काढायला.

मामा म्हणाले, "ती कडी जपून ठेव. वजन वाढलं की परत लावायचीय."
"हो, मामा. पाच मिनिटांचं काम आहे."

पुढच्या महिन्यात आणखी एक.
मग दोन एकदम.

मामी वैतागायच्या. "अवो, घरात पडल्या पडल्या घड्याळ कशाला घालताव? काढून कपाटात ठिवा की."
"आन् मी बी जाऊन कपाटात बसू का?"
मामी हसल्या. आणि मग स्वयंपाकघरात गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

शेवटी शेवटी क्लॅस्पची, म्हणजे खटक्याची, चेन आवळायची सगळी भोकं पण संपली.
मी म्हणालो, "मामा, आता निघत नाही. राहिलेल्या कड्या फिक्स असतात."

त्यांनी हात वर धरून बघितला. घड्याळ घसरून कोपराकडं गेलं.
"साकु," म्हणाले. घरात ते अर्धं कानडीच बोलायचे. साकु म्हणजे पुरे.
मग माझं तोंड बघून म्हणाले, "कंपनीनंच सांगितलंय म्हण की, ह्याच्या खाली बारीक व्हायचं न्हाय."

आम्ही दोघं हसलो. खूप हसलो.

ते गेले त्या दिवशी अंगणात त्यांना बसवलं होतं. आम्ही लिंगायत, आमच्याकडं समाधी देतात, डाव्या हातात इष्टलिंग ठेवतात. स्वामी थांबले. डाव्या हातात घड्याळ होतं.
मामींनी माझ्याकडं बघितलं.
मला क्लॅस्प उघडायची गरजच पडली नाही. नुसतं ओढलं, हातात आलं.

सगळे विधी झाल्यावर थोरले मामा म्हणाले, "घड्याळ भाच्याला द्या. भाच्याचा मान असतोय. त्याला त्यातलं कळतंय बी."
मी नको म्हणालो नाही. खोटं कशाला बोलू, मला ते हवंच होतं.

घरी येऊन घातलं. क्लॅस्प लागेना.
साहजिक आहे. माझ्या हाताला बसवायचं तर कड्या परत लावायला हव्यात.
किट काढली. कड्यांची पिशवी काढली. एक कडी चिमटीत धरली.

पण त्या कड्या मामांचं वजन वाढल्यावर लावायच्या होत्या ना.
माझ्याच्यानं झालं नाही.

दुसऱ्या दिवशी उमरग्याला गेलो. गौरी दुकानात, हात काळे, एका ट्रकवाल्याशी घासाघीस चालू.
"गौरे, हात दे."
"थांब की, धंदा चाललाय."
"दे म्हणतो ना."
"आरं, हे बाप्या माणसाचं घड्याळ हाय. मला हे एवढं मोठं..."

मी चढवलं. क्लॅस्प दाबला.
टक्.

ना सैल, ना घट्ट. जसं मापानंच केलंय.

ट्रकवाला भाव विचारत होता. गौरी दुसऱ्या हातानं स्वतःचं मनगट धरून बघत राहिली.

मग एकदम हळू म्हणाली,
"रोहित, पप्पांचा हात एवढा झाला होता?"

मी हो म्हणालो. खरं तर त्याहून बारीक झाला होता.

मामा, घड्याळ गौरीकडं आहे. ती रोज घालते.
तुमची लई आठवण येते.

शरणु शरणार्थी, मामा. 🙏