होपोआतेने हात ओढून घेतला

आमच्या टोंगातल्या अतिदक्षता विभागात पेशंटला भ्रम झालाय की तो ठिकाणावर आहे, हे नर्स तेलेसियाने ठरवायचं आणि आम्ही माना डोलवायच्या, अशी वर्षानुवर्षांची वहिवाट. ती पेशंटचा हात हातात घेऊन एकेक अक्षर म्हणायची; 'आ' आला की त्याने हात दाबायचा. 'दगड पाण्यावर तरंगतो का?' हा पुस्तकातला प्रश्न मात्र तिने केव्हाच काढून टाकला होता. समुद्रातला ज्वालामुखी उसळला की आमच्या किनाऱ्याला दगड तरंगतच येतात.

एकदा तिचा चुलतभाऊ होपोआते न्यूमोनिया होऊन आला. घशात नळी, ती उपटू नये म्हणून हात बांधलेले.

"ताई, याला मी बघतो," मी म्हटलं.

"खाटेवर पडला की पेशंट. भाऊ घरी," ती म्हणाली. तिला या गोष्टीचा जरा तोराच होता.

तिने हात धरला, अक्षरं म्हटली. होपोआतेने तोंड भिंतीकडे फिरवलं, बोटही हलवलं नाही. 'भ्रम आहे,' तिने निकाल दिला. रोज तेच. भ्रमातल्या पेशंटची नळी काढत नाहीत, म्हणून ती काही निघेना. डॉक्टर गळ्याला भोक पाडायचं बोलू लागले, तेव्हा त्याची बायको वीका उखडली. नणंदेपुढे आमच्याकडे कुणी आवाज चढवत नाही. तिने चढवला.

"वन्सं, वयात आल्यापासून ते कधी तुमच्या शेजारी जेवायलासुद्धा बसले नाहीत. ते तुमचा हात दाबतील?"

आमच्याकडे वयात आलेले बहीणभाऊ, चुलत असले तरी, एकमेकांना शिवत नाहीत. तेलेसिया बाहेर गेली. मग मी हात धरला. प्रत्येक 'आ'ला त्याने असा दाबला की माझी बोटं दुखली. नळी निघाल्यावर त्याचे पहिले शब्द होते, "तिला सांगा, माझं डोकं शाबूत आहे. लाजही."

पुढे तो टारोचा उकडलेला कंद मागू लागला, आम्ही निर्धास्त झालो. एका सकाळी तेलेसिया चादर घेऊन खाटेजवळून जात होती. त्याने तिचा हात धरला आणि गालाशी नेला.

वीकाला भरून आलं. "बघा, माया उफाळून आली."

तेलेसियाचा चेहरा उतरला. हात न सोडवता ती मला म्हणाली, "डॉक्टरांना बोलाव. हा भानावर नाहीये."

ताप चढत होता, जंतू रक्तात पसरले होते. औषध वेळेवर सुरू झालं. तो ग्लानीत होता तोवर ती जमेल तेव्हा त्याचा हात धरून बसली.

मग एका दुपारी त्याने डोळे उघडले. आपला हात कुणाच्या हातात आहे ते पाहिलं आणि चटका बसल्यासारखा ओढून घेतला. तेलेसिया तिथेच रडायला लागली. तो बरा झाला होता.