घोट्यातला नवा सांधा

तलावाच्या पाळीवरून घसरून माझा उजवा घोटा मोडला, त्याला पंधरा वर्षं झाली. हाड जुळलं, पण सांधा झिजत गेला. सानगडीच्या बाजारात मासोळ्या विकायला मी पायीच जायची. पुढे पुढे अर्ध्या वाटेत टोपली उतरवून बसावं लागायचं. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना डोळ्यांत पाणी यायचं.

नागपूरच्या डॉक्टरांनी दोन उपाय सांगितले. हाडं कायमची एकमेकांना जोडायची. दुखणं थांबेल, पण घोटा हलणार नाही. नाहीतर कृत्रिम सांधा बसवायचा. घोटा हलेल, पण काही वर्षांनी तोही झिजू शकतो.

नवरा म्हणाला, "या वयात कायले चिरफाड करतं? घरी बस. आमी पायतो सारं."

"मले बसायचं नाही, चालायचं आहे," मी म्हटलं आणि डॉक्टरांना सांगितलं, "हलणारा बसवा."

दीड महिना पाय प्लास्टरमध्ये होता. मग तळव्याला टॉवेल अडकवून पंजा ओढायचा व्यायाम. शेजारणी यायच्या आणि "आता काही पहिल्यासारखं होत नाही बाई," असं सांगून जायच्या. त्या गेल्या की मी आणखी दहा वेळा पंजा ओढायची.

पहिल्यासारखं झालं नाही, हे खरं. उकिडवं बसता येत नाही. डोक्यावर ओझं घ्यायला डॉक्टरांची मनाई आहे. संध्याकाळी घोटा सुजतो. पण हाडात सुरी फिरल्यासारखं ते दुखणं गेलं.

वर्षभरानं बाजारात परतले. टोपली नवऱ्याच्या सायकलवर होती. खाली बसता येत नाही म्हणून लाकडी टेबल नेलं आणि उभ्यानंच मासोळ्या मांडल्या.

शेजारी बसणारी म्हातारी कुरकुरली, "साऱ्या बाया खाली बसतात. तू काहून उभी राहून राहिली?"

"माह्या पायाले जमते तसंच करीन, मावशी. जागा तर तेवढीच घेतली ना?"

तिनं तोंड फिरवलं. मी गिऱ्हाइकाला मासोळी तोलून दिली.

परतताना नवऱ्यानं विचारलं, "अन् हाही सांधा झिजला तं?"

"तं पुन्हा बदलीन."

तो सायकल हातात धरून माझ्या चालीनं चालत राहिला.