पैसे कायचे आले?

बार्शीटाकळीत माझं मोटारपंपांचं दुकान आहे. माल अमरावतीच्या राजापेठेतल्या ठोक व्यापाऱ्याकडून येतो. मी बँकेतून पैसे पाठवले की तिथल्या हिशेबनिसांचा फोन आलाच समजा. “पैसे तं आले भाऊ, पन कायचे आले? बिल नंबर कावून नाही टाकला?”

पैसे पाठवताना लिहायच्या शेऱ्यात आधी बिल, मग कपात, मग कारण, हा त्यांचा धर्म. एकदा मी तीन बिलांचे पैसे एकत्र पाठवले, तर त्यांनी माझा मालच अडवला.

मुलीच्या लग्नाला ते काही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून खात्यात पाचशे एक रुपये आले. आमच्याकडे आहेर वहीत लिहितात आणि पुढे तेवढाच फेडतात. मी वही उघडली, तेवढ्यात शेरा दिसला: “बिल नाही. कपात नाही. कारण पोरगी आपली हाय. वहीत लिहू नका.”