वैनीचा धोंडा

मी गाव सोडलं त्या सकाळी आई मला एसटीपर्यंत पोचवायला आली नाही, कारण ओहोटी होती. गणपती झाले, समुद्र जरा निवळला, की अमावास्येच्या मोठ्या ओहोटीला आमच्या वाडीसमोरच्या खडपावर, म्हणजे समुद्रातल्या खडकांच्या रांगेवर, पायी जाता येतं. ते दोन-तीन तास तिला हवे असायचे. माझा पहिला पगार, पहिलं शहर, सगळं बंगळूरला माझी वाट बघत होतं, आणि आई एका हातात चुन्याची बादली नि दुसऱ्या हातात नारळाच्या सोडणाचा कुंचा घेऊन उंबऱ्यातच म्हणाली, "पोचलस काय फोन कर. पाणी थांबाचा नाय माज्यासाठी." कसालला हायवे लागला तरी मी रुसलेलाच होतो.

तुमच्यातले जे किनाऱ्यावरचे आहेत त्यांना तो चुना कशाला हे सांगायला नको. जे माझ्यासारखे निघून गेले आणि विसरले, त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या वाडीसमोर पाण्याखाली खडक आहेत आणि होडी आत आणायची वाट एकच, चिंचोळी. समुद्रावरून परतताना खडपाच्या टोकाचा पांढरा धोंडा आणि मागे सड्यावरचा, म्हणजे वरच्या कातळमाळावरचा, वड एका रेषेत आले, की डोळे मिटून सरळ यायचं. धोंडा पांढरा राहतो तो दरवर्षी कुणीतरी चुना लावतं म्हणून. लग्न होऊन आली त्या वर्षापासून हे काम आईनं घेतलं. चुन्यात मूठभर मीठ घालायची, म्हणजे धरून राहतो. चुना फक्त समुद्राकडच्या अंगाला. घरातून बघाल तर धोंडा काळाच. आईला वाडीतले लहानथोर सगळे वैनी म्हणत, म्हणून तो 'वैनीचो धोंडो'.

गंमत अशी, की आईनं तो समुद्रावरून कधी पाहिला नव्हता. आमच्याकडे बायका मासळीच्या होडीत बसत नाहीत. म्हणून दरवर्षी चुना लावला की बाबा पहिल्यांदा समुद्रावर जाऊन येत त्या दिवशी, जेवायला वाढताना ती विचारायची, "दिसता मां?" बाबा तोंडातला घास संपवून सांगायचे, "दिसता तर. तुज्या धोंड्यावरच तर आमी येतव." एवढंच. तेवढ्यावर तिचं वर्ष जायचं.

बंगळूरला मी नोकरी करत करत कॅमेऱ्याच्या नादी लागलो आणि पुढे नोकरी सोडून त्याचंच दुकान मांडलं. दुकान म्हणजे वेबसाइट. लोकांच्या भिंतींसाठी निसर्गाची छायाचित्रं: कॅनव्हास प्रिंट, फ्रेम, तीन तुकड्यांचा सेट, सोफ्याच्या मापानं. बाबा असताना एकदा त्यांच्या होडीतून पहाटे मी आपला किनारा टिपला होता. धुकं, माडांची काळी रेघ, सडा, वड, आणि खाली एक पांढरा ठिपका. त्याला मी 'सायलेन्स' असं नाव दिलं. मासळीचा लिलाव चालतो त्या किनाऱ्याला सायलेन्स म्हणायला धाडस लागतं, पण ते खपलं. माझ्या इतर कुठल्याच चित्रानं इतक्या भिंती पाहिल्या नाहीत.

पहिला कॅनव्हास मात्र परत आला. गिऱ्हाइकानं लिहिलं होतं, खाली पांढरा डाग आहे, प्रिंट डिफेक्टिव्ह आहे. मी समजावून सांगायला हवं होतं. खरंतर त्या डागाची गोष्ट सांगितली असती तर त्यानं तो आवडीनं ठेवला असता, शहरातल्या लोकांना गोष्टी आवडतात. पण मला तेव्हा रिटर्नची कटकट नको होती. कॉम्प्युटरवर शेजारचा काळा खडक उचलून त्या डागावर बसवला. दोन मिनिटं लागली. त्यानंतर एकही प्रिंट परत आली नाही.

बाबा गेले. त्याच्या पुढच्या गणपतीला मी आईसाठी सगळ्यात मोठ्या मापाचा 'सायलेन्स' घेऊन गावी गेलो. त्यात धोंडा नाही हे खरोखर माझ्या लक्षात नव्हतं. हे मी स्वतःला बरं दाखवण्यासाठी सांगत नाही, उलट हेच जास्त वाईट आहे. वाडीतले पाचदहा जण आरतीला आले होते, त्यांच्यासमोर कागद सोडला. आई चष्मा लावून पुढे झाली. ती माड बघत नव्हती, धुकं बघत नव्हती. बोट कॅनव्हासला न लावता हवेतच खालच्या कडेनं फिरवत म्हणाली, "हो वड. मगे माजो धोंडो खंय?"

सगळे बघत होते. मी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं शुद्ध मराठीत म्हणालो, "आई, एवढ्या लांबून तो दिसत नाही गं." घरात मी मालवणी सोडून बोलत नाही. तिला त्यातच काहीतरी कळायला हवं होतं. पण ती नुसती "होय?" म्हणाली आणि प्रसाद आणायला आत गेली.

त्या वर्षी तिनं चुना लावला नाही. मला वाटलं, गुडघे दुखत असतील. पुढच्या वर्षी माझा चुलतभाऊ बबन, जो बाबांच्या होडीवर होता आणि आता ती चालवतो, त्याचा फोन आला. "वैनीन औंदाय चुनो लावल्यान नाय रे. म्हणता, दिसणा नाय तर कित्याक? मी सांगलंय, दिसता गो. तर म्हणता, तूय त्यांच्यासारखोच."

त्यांच्यासारखोच म्हणजे बाबांसारखा. फोटो खोटं बोलणार नाही असं आईनं धरलं होतं, आणि मग खोटं कोण बोललं याचा हिशोब तिनं आपल्या मनाशी लावला होता. इतकी वर्षं जेवताना नवरा आपलं मन राखत होता.

तरी मी दोन वर्षं गप्प राहिलो. खरं सांगायचं तर चारचौघांत तिच्याशी खोटं बोललो हे सांगावं लागलं असतं. फोनवर नको, समोरासमोर सांगू, असं म्हणत राहिलो. अशा वेळी लांब राहण्याचा फार उपयोग होतो, हे तुम्हा गाव सोडून गेलेल्यांना ठाऊक असेल.

यंदा गेलो. लॅपटॉपवर मूळ फोटो उघडला, तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं. ठिपका मोठा करून दाखवला. चांगला लख्ख दिसत होता. तिनं भिंतीवरच्या कॅनव्हासकडे बोट केलं.

"मगे ह्या मोठ्या फोटोत कसो नाय?"

"मी काढून टाकलंय, आये. कॉम्प्युटरवर."

"आणि दिसाचो नाय तसो केलस?"

"होय."

तिनं लॅपटॉप अलगद माझ्याकडे सरकवला. "जा काढूक येता, ता घालूक पण येता, बाबू," ती म्हणाली. रागानं नाही, समजूत घातल्यासारखी; लॅपटॉपवरचा ठिपका मी तिच्या समाधानासाठी आता घातला, असंच तिनं धरलं. माझ्या धंद्यातलं याहून खरं वाक्य मला अजून कुणी ऐकवलेलं नाही. ती बाहेरच्या खोलीतला तो मोठा कॅनव्हासही उतरवू देत नाही. कोणी आलं तर मुलाचं कौतुक म्हणून दाखवते, "माज्या झिलान काढल्यान." होडीत बसून स्वतः बघ म्हटलं, तर हसली. ह्या गुडघ्यांनी आणि ह्या वयात?

अमावास्येला मी बादली घेतली. सोडण ठेचून कुंचा केला. आई पायरीवर बसून बघत होती, तिनं एवढंच विचारलं, "मीठ घातलस?" घातलं होतं. धोंड्यावर शेवाळ धरलं होतं, ते खरवडताना बोटं सोलली. मी शहरात निघालो तेव्हा ती माझ्यासोबत का आली नाही, हे तिथं गुडघाभर पाण्यात उभा असताना मला इतक्या वर्षांनी पटलं. पाणी खरंच थांबत नाही.

दोन दिवसांनी बबनबरोबर समुद्रावर गेलो. त्याच्याकडे आता मोबाइलवर नकाशा असतो, पण परतताना त्यानं तो खिशात ठेवला. धोंडा आणि वड एका रेषेत आले. कॅमेरा गळ्यात होता, मी तो उघडला नाही.

घरी आलो. आईनं पाय धुवायला पाणी दिलं, ताट मांडलं. सोलकढी, बांगड्याचं तिखलं, भात. मी हळूहळू जेवलो. घर म्हणजे काय असं मला आता कोणी विचारलं, तर माझ्यापुरतं ते एवढंच उरलंय: वाढताना तिनं "दिसता मां?" विचारावं, मी "दिसता तर" म्हणावं, आणि तिला ते खरं वाटावं. मी दुसऱ्यांदा भात मागून घेतला. तोही संपला. तिनं विचारलं नाही.