पोपटीच्या मडक्यातला पाला

बाळारामशेठच्या मनगटावर माझी बोटं होती आणि नाडी लागत नव्हती. एक ठोका लागायचा, मग काहीच नाही. मी श्वास धरून बसायची. मग पुन्हा एक ठोका. गाडी उल्हासनगरच्या पुलाच्या अलीकडे अडकली होती. पुढे रिक्षा, मागे रिक्षा. शेठचं डोकं माझ्या मांडीवर. त्यांचा मुलगा रोशन गाडी चालवत होता. त्याने काच खाली केली, बाहेर ओकला, बाहीने तोंड पुसलं आणि पुन्हा हॉर्न दाबला.

"मावशे, सगला पिवला दिसतंय मना," शेठ म्हणाले.

"डोळे मिटा."

"मिटले तरी पिवलाच हाय गो."

पुढच्या सीटवर त्यांची बायको सुगंधा. तिच्या मांडीवर नात, स्वरा, चार वर्षांची. ती झोपली होती. सुगंधा तिला सारखी हलवत होती. "उठ गो बाय. बाय, उठ." पोरगी कुरकुरायची आणि पुन्हा मान टाकायची. ती नुसती झोप होती की आणखी काही, ते आम्हाला कळत नव्हतं.

मीही त्याच मडक्यातलं खाल्लं होतं. दुसऱ्या हातात मी प्लास्टिकची पिशवी घट्ट धरली होती. त्यात एकच भाजलेलं पान होतं.

मी झाडं लावते. शाळा चौथीपर्यंत. बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहते, जवळच छोटी नर्सरी आहे. लोकांच्या बंगल्यांच्या बागा करून देते. हल्ली गिऱ्हाईक एकच गोष्ट मागतं, कमी पाण्याची बाग. बाळारामशेठनीही तेच मागितलं. अंबरनाथजवळ पालेगावात त्यांची बापजाद्यांची भातशेती. ती बिल्डरकडे गेली, त्यात त्यांनी स्वतःला बंगला ठेवला.

"बोर उन्हाल्यात सुकते," ते म्हणाले. "टँकर घरालाच पुरत नाय. झाडांना काय माजा रगत पाजू?"

कमी पाण्याचं झाड म्हणजे बिनपाण्याचं झाड नव्हे, हे मी सगळ्यांना आधी सांगते. पहिले दोन उन्हाळे त्यालाही पाणी घालावं लागतं. बुंध्याभोवती गोल आळं करायचं, त्यात पालापाचोळा पसरायचा म्हणजे ओल टिकते. मुळं खोल गेली की मग ते आपलं आपण बघतं. पान जाड किंवा मेणचट असलं तर बहुतेक वेळा ते झाड ऊन सोसतं. शेठच्या दारात मी बहावा लावला. मागे कडुनिंब आणि शेवगा. गेटवर बोगनवेल. प्रश्न होता तो रस्त्याकडच्या कुंपणाचा. तिकडून शेळ्या आणि मोकाट गुरं जातात. काहीही लावा, आठवड्यात खराटा.

"तिकडे कण्हेर लावू," मी म्हटलं. "पाणी मागत नाही, फुलं बारा महिने, आणि शेळी तोंड लावत नाही."

"का नाय लावत?"

"विष असतं. पान, फूल, काडी, मूळ, सगळ्यात."

"मंग बेस," शेठ हसले. "मानसं काय पाला खातात?"

सुगंधालाही मी बोलावून सांगितलं. देवाला फूल वाहा, पण हात धुवा, स्वराला तिकडे खेळू देऊ नका. रोशन तेव्हा पुण्याला नोकरीत होता. त्याला सांगायचं कोणाच्याच डोक्यात आलं नाही.

कण्हेर वाढली. या थंडीत ती कुंपणाबाहेर रस्त्यावर झुकली म्हणून छाटायला गेले. रविवार होता. दुपारपर्यंत भिंतीशी हिरवागार ढीग झाला. तो न्यायला टेम्पो दुसऱ्या दिवशी येणार होता.

रोशन सुट्टीला आला होता. त्याने पोपटी लावायचं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे वालाच्या शेंगा आल्या की मातीचं मडकं घेतात. तळाला भांबुर्डीचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, कोंबडी, बटाटे, अंडी. तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा, मडकं उलटं ठेवायचं आणि भोवती जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब घालत नाहीत. पाल्याच्या वाफेवर सगळं शिजतं आणि पाल्याचा वास सगळ्याला लागतो.

भांबुर्डी हे तण आहे. भात कापला की शेतात आपोआप उगवतं. पालेगावात आता कापायला भातच राहिला नाही, तर भांबुर्डी कुठली?

"मावशी, भांबुर्डी कुठे मिळेल?" रोशनने विचारलं.

"वांगणीकडच्या शेतांवर बघ."

"पाल्यासाठी वांगणी? पेट्रोल कोंबडीपेक्षा महाग पडेल!"

तेवढ्यात टँकर आला. त्याचा पाइप टाकीजवळ फाटला आणि पाणी अंगणात पळालं. शेठ, सुगंधा, मी, सगळे मागच्या बाजूला धावलो. कोणी बादली लावतोय, कोणी फडकं बांधतोय. शेठ ड्रायव्हरला शिव्या देत होते. आम्ही पुढे आलो तेव्हा मडक्याभोवती जाळ पेटलेला होता.

"पाला मिलाला?" शेठनी विचारलं.

"मिळाला की," रोशन म्हणाला.

कुठून मिळाला, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.

मडकं उघडलं. चव कडवट होती, पण वालाला थोडा कडवटपणा असतोच. शेठनी कोंबडी भरपूर खाल्ली, तीही तळातली, पाल्याला चिकटलेली. रोशनने खाल्ली. सुगंधाने थोडी. मला दात कमी, मी एक बटाटा आणि दोन शेंगा घेतल्या.

मग शेठ ओकले. पाठोपाठ रोशन.

"कोंबडी खराब निंगाली," सुगंधा म्हणाली. "त्या चिकनवाल्याला बगतेच मी उद्या."

शेठ खुर्चीत बसले ते उठेनात. घाम सुटलेला, हात गार. मी कोंबडीचा वास घ्यायला मडक्यात हात घातला. बोटाला एक पान चिकटून आलं. लांब, अरुंद, जाड, मध्ये सरळ शीर. कडेला जळलेलं, पण भाजून लपेल असलं ते पान नव्हे.

"रोशन, हा पाला कुठला?"

"तो काय, तुमच्या ढिगातला. ताजा होता. मी दोन पाण्यांनी धुऊन घेतला, मावशी."

शेठनी ते पान माझ्या हातात बघितलं. मी ते पिशवीत टाकलं. पाच मिनिटांत आम्ही गाडीत होतो. अंबरनाथच्या दवाखान्यात डॉक्टरने नाडी बघितली आणि पुढे काही केलंच नाही. "इथे मशीन नाही, उल्हासनगर गाठा." रोशन सोडून गाडी चालवायला दुसरं कोणी नव्हतं.

पुलाशी अडकलो तेव्हा रोशन रडकुंडीला आला. "असली झाडं लावायचीच कशाला, मावशी?"

"तुझ्या बापाला सांगून लावली."

"मला कोणी सांगितलं?"

मी शेठचं मनगट दाबून धरलं.

दवाखान्यात डॉक्टर सिंधी होते, तरुण. "क्या खाया?" मी पान पुढे केलं. त्यांनी ते उजेडात धरलं.

"कनेर? पेट में गया? किसके किसके?"

शेठना आत नेलं. छातीला वायरी लावल्या. पडद्यावर रेघ धावू लागली. एक टोक वर जायचं, मग रेघ सपाट, सपाट, सपाट. मग पुन्हा टोक. ते बघण्यापेक्षा नाडी बघणं बरं होतं. डॉक्टरांनी सुगंधाला सरळ सांगितलं. या विषावर जे इंजेक्शन असतं ते इथे मिळत नाही. पोटात कोळशाचं औषध घालायचं, आणि विष उतरेपर्यंत हृदय मशीनने चालवायचं. गळ्याजवळच्या शिरेतून एक वायर हृदयापर्यंत जाते आणि बाहेरचा डबा ठोका देतो. त्याला टेम्पररी पेसमेकर म्हणतात.

"और नाय चाल्ला तर?" सुगंधाने विचारलं.

"साइन कीजिए, माताजी."

मग ते स्वराकडे वळले. "बच्ची ने क्या खाया?"

"अंडं. नुसतं अंडं," मी म्हटलं. "मीच सोललं."

"छिलके के साथ पका था?"

"हो."

त्यांनी श्वास सोडला. तरी तिलाही वायरी लावल्याच. ती जागी झाली आणि पडद्याकडे बघून म्हणाली, "आजी, कार्टून लाव ना." सुगंधा तेव्हा पहिल्यांदा रडली.

रोशनला काळं औषध दिलं. तो तोंड वळवायला लागला. सुगंधाने त्याचे केस धरले. "पी. बापाला पाला चारलास ना? आता पी." मग डॉक्टरांनी तिलाही तेच पाजलं.

डॉक्टर माझ्यासमोर आले. "और आप, अम्मा? आपने?"

"एक बटाटा. दोन शेंगा."

"तो उधर बैठके क्या देख रहे हो? लेटो!"

मला शेठच्या शेजारची खाट मिळाली. मध्ये हिरवा पडदा. माझ्या मशीनचा आवाज वेगळा, त्यांच्या मशीनचा वेगळा. माझी टिकटिक नीट चालली होती. मी ती ऐकतच नव्हते. त्यांचा टिक चुकला की माझी बोटं चादर घट्ट धरायची. सिस्टर येऊन म्हणाली, "आजी, हात सैल सोडा, सुई निघेल." मी सोडायची. पुन्हा टिक चुकायचा.

सकाळी पडद्यापलीकडून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मावशे, हायस का?"

"आहे. पिवळं दिसतंय?"

"पडदा हिरवा दिसतंय."

वायर काढायला आणखी काही दिवस गेले. घरी आल्यावर शेठ आधी कुंपणाशी गेले. "काड ही."

"काढते. करवंद लावते. पाणी कमी लागतं, पण काटे लागतील. शेळ्या थोडं ओरबाडतील."

"ओरबाडू दे. त्यांना पन पोट हाय."

कण्हेर मुळापासून काढली. जाळली नाही, धूरही वाईट असतो. खोल खड्ड्यात पुरली.

आता कोणी कमी पाण्याची झाडं विचारली की पाण्याचं मी नंतर सांगते. आधी विचारते, घरात कोण कोण आहे आणि सुट्टीला कोण येतं. विषारी झाड लावायचं असेल तर सगळ्यांना एका जागी उभं करून सांगते, लांब असेल त्याला फोन लावायला लावते. आणि छाटलेला पाला त्याच दिवशी उचलते, टेम्पो नाही मिळाला तर डोक्यावर. झाडाला पाणी किती लागतं हे सगळे विचारतात. त्याचा पाला कुठे जाणार, हे कोणी विचारत नाही.

त्या मडक्यातलं चौघांनी खाल्लं. बाळारामशेठ, सुगंधा, रोशन आणि मी. स्वराने नुसतं कवचातलं अंडं. पाचही जण आहोत.