वेधशाळेची चौथी काच

"इंग्रजी शाळंतली हाय ती. तिला काय म्हाईत खंडेनवमी?"

मी कपाटाच्या उघड्या दाराआड उभी होते. बोलणारा आमच्याच खात्यातला तपासनीस होता, कुरुळीहून सायकलीनं येणारा. मी ऐकतेय हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याच्याबरोबरचा हसला आणि म्हणाला, "आरं, पर लावायचं कुनी? बाईमानूस ती एकच हाय खात्यात."

खरं म्हणजे मी त्या दिवशी मुद्दाम आईची जरीची साडी नेसून आले होते. एरवी मी साध्या वायलच्या साड्या नेसायची, वर बारा महिने स्वेटर. आमची मापनखोली म्हणजे अख्ख्या कारखान्यातली एकमेव गार खोली. कारखान्यातली मापं ज्यांच्यावर ताडून पाहायची ती मूळ मापं तिथे ठेवलेली, म्हणून उन्हाळा-पावसाळा तिथे एकच हवा. मला नोकरीला लागून चार महिने झाले होते. बी.एस्सी.ला फिजिक्स होतं, इंग्रजी चांगलं होतं, आणि मी फारसं बोलत नसे. साहेबांना या तिन्ही गोष्टी सोयीच्या वाटल्या असाव्यात.

मी दाराआडून बाहेर आले. तपासनीस गडबडला, मग सावरून म्हणाला, "म्याडम, हे ताट घ्या. सगळ्याला लावा. काय सोडू नका बरं का, सोडलेलं हत्यार वर्षभर रुसतं."

मी ताट घेतलं. हळदीचं बोट, कुंकवाचं बोट, वर झेंडूचं फूल. मायक्रोमीटर, कॅलिपर, पोलादी मापांच्या लाकडी पेट्या, ग्रॅनाइटचं टेबल. घरी आई दसऱ्याला हे करायची आणि मी पुस्तक घेऊन गच्चीत बसायची, म्हणून बोट आधी हळदीत की कुंकवात हे मला आठवून करावं लागत होतं. मागे सगळे उभे होते. कोपऱ्यातल्या टेबलावर पांढऱ्या कापडाखाली काहीतरी होतं. काही सोडायचं नव्हतं. मी कापड उचललं, खालच्या काचेवर एक हळदीचं आणि एक कुंकवाचं बोट टेकवलं, फूल ठेवलं आणि पुढे गेले.

ती काच वेधशाळेची होती.

दक्षिणेत कुठल्याशा डोंगरावर एक वेधशाळा होती. तिथल्या लोकांना दोन लहान दुर्बिणी काही अंतरावर ठेवून दोन्हींतला उजेड एकत्र आणायचा होता. त्यासाठी लागणाऱ्या सपाट काचा परदेशातून मागवायला परवान्यांचा घोळ. तिथले एक शास्त्रज्ञ आमच्या साहेबांच्या ओळखीचे, म्हणून चार काचा आमच्याकडे घासायला आल्या. घासणारे होते चाचा. ते चाकणचे. सगळा कारखाना त्यांना चाचाच म्हणायचा, साहेबसुद्धा. डिसेंबरात त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होणार होती. साहेबांनी सांगून ठेवलं होतं की या चार पसंत पडल्या तर पुढच्या आठ काचा येतील, आणि त्या होईपर्यंत चाचांना कुणी घरी पाठवणार नाही. चाचांना घरी जायचं नव्हतं. "घरी बसून बाजाराला जानाऱ्या कांद्याच्या गाड्या मोजू का?" असं ते म्हणत.

शास्त्रज्ञांनी पत्राबरोबर टंकलिखित पंधरा पानं धाडली होती. साहेबांनी ती माझ्यापुढे टाकली. "चाचांना मराठीत समजावून सांगा."

मी तीन दिवस ती पानं वाचली. शब्द सगळे येत होते. एका ताऱ्याचा उजेड दोन वाटांनी येतो, दोन्ही वाटा केसाच्याही कित्येक पट बारीक हिशेबानं सारख्या ठेवायच्या, मग उजेडावर उजेड पडून काळे-पांढरे पट्टे दिसतात. दुर्बिणी एकमेकींपासून लांब नेत जायचं. एका अंतरावर पट्टे नाहीसे होतात, आणि त्या अंतरावरून ताऱ्याची रुंदी निघते. वाक्य संपलं की मला वाटायचं कळलं. पान उलटलं की वाटायचं, काय कळलं?

चाचांना मी जसं होतं तसं सांगितलं.

"उजेडात उजेड मिळवला तर जास्त उजेड व्हायला पायजे ना बेटा? काळं कुठनं येतं?"

मी पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवलं.

"हे तू वाचलंस का समजलंस?"

मी पानं चाळू लागले. आमच्याकडच्या सोडियमच्या पिवळ्या दिव्याखाली त्यांनी घासलेली काच ठेवली, तिच्यावर खात्रीची मास्टर काच टेकवली आणि मला बोलावलं. दोन्हींच्या मधून काळे पट्टे उमटले होते, वहीतल्या ओळींसारखे सरळ. काच सपाट असेल तर पट्टे सरळ, फुगीर असेल तर वाकडे, एवढंच मला तोवर माहीत होतं. "वीस वर्षं झाली हे बघतोय," ते म्हणाले. "काळं कुठनं येतं मला बी न्हाई ठाऊक. पर आपल्याकडं पट्टा गेला की काम गेलं. आन् तुझ्या त्या लोकांचा पट्टा गेला की माप मिळतं म्हणे. उलटाच कारभार."

चाचा दरवर्षी खंडेनवमीला हजर असत. आधीच सगळ्या काचा कपाटात घालून ते कपाटाच्या दाराला हळदकुंकू लावायला सांगत. नारळही बहुतेक तेच फोडत. हे मला नंतर कळलं. त्या वर्षी त्यांची बहीण आजारी होती, म्हणून ते दोन दिवस रजेवर होते. तीन काचा कपाटात होत्या. चौथी शेवटची तपासून, खोलीच्या हवेला सरावावी म्हणून टेबलावर झाकून ठेवली होती.

पूजा झाली, सगळे पेढे खायला बाहेर गेले. मी ताट ठेवायला वळले आणि ते फूल दिसलं. चाचा त्या काचा पातळ सुती हातमोजे घालून कडेनं उचलायचे, हे मी चार महिने रोज पाहत होते. मग ते मला पंधरा मिनिटांपूर्वी का आठवलं नाही? मी फूल काढलं. कपाटाची किल्ली तपासनिसाच्या खिशात, पुसायची कापडं कपाटात. बाहेरून हाका येत होत्या, "म्याडम, पेढं संपत्यात!" मी पदराचं टोक घेतलं आणि पुसलं. एकदा, मग जरा जोरानं. सोडियमचा दिवा लावून पाहिलं. कुठेही काही दिसलं नाही. त्या दिव्याखाली सगळंच पिवळं दिसतं, त्यात हळद काय दिसणार, हा विचार मला बसमध्ये आला, चिंचवड स्टेशनच्या अलीकडे.

दसऱ्याची सुट्टी मला विचित्र गेलेली आठवते. सोनं द्यायला लोक येत होते आणि मी आतल्या खोलीत कॉलेजचं पुस्तक उघडून बसले होते. काचेवर ओरखडा कशानं उठतो? हळदीत कच असते का? पदरातली जरीची तार काचेपेक्षा मऊ की कडक? आईला विचारलं तर ती म्हणाली, "साडीला काय झालं ते आधी सांग." साडीला काही झालं नव्हतं. काचेलाही नसेल, असं मी ठरवलं. संध्याकाळपर्यंत मला ते जवळजवळ पटलं होतं.

सुट्टीनंतर सकाळी दहाला शास्त्रज्ञ पुण्याहून टॅक्सीनं आले. बंगाली होते, उंच, फार सौम्य. हिंदी बेताचं, मराठी नाही, म्हणून साहेबांनी मला मध्ये उभं केलं. त्यांचं चाचांना सांगायचं, चाचांचं त्यांना. चाचा नुकतेच चाकणच्या एसटीनं येऊन पोचले होते. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते.

पहिली काच. पट्टे सरळ. शास्त्रज्ञांनी मान हलवली. दुसरी. तिसरी. "अशी मला आमच्या वर्कशॉपमध्येही मिळत नाही," ते म्हणाले. मी सांगितलं. चाचा हसले नाहीत, फक्त हातमोजा नीट केला.

चौथी ठेवली. पट्टे सरळ होते, पण एका कोपऱ्याशी प्रत्येक पट्टा किंचित तुटत होता. ती तुटलेली ठिकाणं नजरेनं जोडली तर एक बारीक वाकडी वाट तयार होत होती. मी ती जोडली आणि नजर काढून घेतली.

चाचांनी काच फिरवली. वाटही फिरली. त्यांनी मास्टर काच बदलून पाहिली.

"रजेवर जायच्या आधी न्हवतं हे," ते म्हणाले. "मी सोता बघितलंय. न्हवतं."

शास्त्रज्ञांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग साहेबांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, आणि मला अजून ते जसंच्या तसं ऐकू येतं, कारण आवाजात काडीचाही राग नव्हता. कारागीर उत्तम आहे. पण या वयात हात असा अचानक दगा देतो, त्याचा दोष नाही. या चार काचांतून मी काम भागवीन. पुढच्या आठ मात्र दुसऱ्या कुणाला द्याव्यात हे बरं.

साहेब म्हणाले, "हं." मग, "खरं आहे."

"काय म्हणाले?" चाचांनी मला विचारलं.

मी शब्द जुळवू लागले. मला खरंच ठाऊक नव्हतं की ती रेघ माझी आहे. पदराची असेल, हळदीची असेल, घासतानाच पडून त्यांच्या नजरेतून सुटलीही असेल. त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा चष्मा लावला होता का? आणि माझीच असली तरी मी ते सिद्ध कसं करणार? चार महिन्यांची नोकरी. तपासनीस दाराशी उभा होता. संध्याकाळपर्यंत बसमध्ये सगळ्यांच्या तोंडी झालं असतं की इंग्रजी शाळेतल्या बाईनं वेधशाळेच्या काचेला कुंकू लावलं. हे सगळं एकाच वेळी डोक्यात होतं आणि त्यातलं एकही धड पुढे येत नव्हतं.

"बेटा, काय म्हणाले ते?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. त्यांनी उजव्या हाताचा मोजा काढला होता आणि हात दिव्याखाली धरून, बोटं पसरून, थरथरतात का ते बघत होते. बोटं स्थिर होती. तरी ते बघतच राहिले. मग खालच्या आवाजात, आम्हा कुणाला नव्हे, म्हणाले, "हलला असंल. आपल्याला कळत बी न्हाई."

साहेब म्हणाले, "सांगा त्यांना. नीट शब्दांत सांगा."

एरवी मी खोलीत चार माणसं असली की बोलत नसे, आणि बोललेच तर आधी मनात वाक्य म्हणून पाहत असे. त्या दिवशी म्हणून पाहिलं नाही.

"चाचा, तुमचा हात हलला नाही," मी म्हणाले. "तुम्ही रजेवर होता तेव्हा मी त्या काचेला हळदकुंकू लावलं, आणि मग घाबरून कोरड्या पदरानं पुसलं."